बिल्डिंगमागचा कोपरा: सातवीच्या प्रकल्पाच्या नोंदी

२१ जून

शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच पोरीच्या वहीत प्रकल्प आला. सातवी, विषय परिसंस्था. घराजवळची एक जागा निवडायची, तिथे कोण कोण राहतं आणि त्यांच्या गरजा तिथेच कशा भागतात ते लिहायचं, नाताळच्या सुट्टीआधी फाईल द्यायची. मी म्हटलं सोपं आहे, स्टेशनरीवाल्याकडून जंगलाचा चार्ट आणू, वाघ हरीण गवत बाण काढू, झालं. तर म्हणे बाईंनी सांगितलंय स्वतः बघितलेलंच लिहायचं. मेलो.

आमची बिल्डिंग पाथर्डी फाट्याजवळ, टेरेसवरून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, पण रोज संध्याकाळी डोंगर चढणं माझ्या शिफ्टमध्ये बसत नाही. मग बिल्डिंगच्या मागचा पट्टा ठरला, पाण्याची टाकी आणि कंपाउंड वॉल यांच्यामधला. टेप लावला, १४ फूट बाय ६ फूट. आत काय तर फुटक्या फरश्या, बिल्डरची उरलेली रेती, काँग्रेस गवत, एक रुई, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा कडीपत्ता, आणि भिंतीच्या फटीतून निघालेलं वीतभर उंबर.

शिवाय भिंतीवर चिमण्यांचं लाकडी घरटं आहे, ते मीच दोन वर्षांपूर्वी २० मार्चला ठोकलेलं. जागतिक चिमणी दिवस आपल्या नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून सुरू झाला, मग नाशिककर असून आपल्या भिंतीला एक घरटं नाही म्हणजे बरं दिसत नाही असं वाटलं होतं. दोन वर्षांत एक चिमणी फिरकली नाही.

पोरीने वहीत पाच रकाने पाडलेत. कोण, खायला काय, प्यायला कुठे, लपायला कुठे, पिल्लं कुठे. पहिली ओळ चिमणीची. खायला तांदूळ, प्यायला आजीने ठेवलेली मातीची थाळी, पिल्लं घरट्यात. लपायला कुठे या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह.

२३ जून

सुट्टी होती, उत्साहात सगळा कोपरा झाडून काढला. काँग्रेस गवत उपटलं (हातमोजे घाला, माझ्या मनगटावर पुरळ आलंय), पालापाचोळ्याची चार पोती भरली, घंटागाडी येऊन गेलेली म्हणून ती गेटपाशी ठेवली. रुई तेवढी राहिली कारण आमच्या मातोश्री शनिवारी मारुतीला तिची पानं नेतात. नर्सरीतून झेंडू, एक्झोरा आणि रंगीत टणटणी आणली, ६४० रुपये. एकदम फोटो काढण्यासारखं झालं.

३० जून

काल रात्रभर पाऊस. सकाळी माझ्या फोटो काढण्यासारख्या भागात शून्य, एक मुंगी पण नाही. टाकीच्या मागे मात्र कंटाळा आला म्हणून मी झाडलंच नव्हतं, तिथला ओला पाला पोरीने काडीने उचलला तर खाली वाणी, तेच ते हात लावला की पैशासारखे गोल होणारे, गांडुळं, एक गोम (ही चावते, लांबून बघायचं), आणि बोटाच्या पेराएवढा एक बेडूक. वाणी तिने २३ मोजले. वाणी सडका पाला खातात, त्यांची लेंडी आणि उरलेला चुरा बुरशी आणि जिवाणू खातात, ते सगळं मातीत, मातीतून पुन्हा झाडात. बेडकाला त्याच पाल्यात मुंग्या आणि वाळवी मिळते आणि कातडी ओली राहते. बेडूक कातडीतून पाणी घेतो, थोडाफार श्वास पण कातडीतून घेतो, म्हणजे कोरडी स्वच्छ फरशी म्हणजे त्याला तवाच. एका पाल्यात त्याचे तीन रकाने भरले.

पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बाकीच्यांचं घर घंटागाडीला द्यायला ठेवलंय."

चारातली तीन पोती अजून गेटपाशी होती. ती परत आणून ओतली. वॉचमन बाबा नुसते बघत होते, काय बोलले नाहीत ते बरं.

७ जुलै

पाणी हवं. पोरीचा लहानपणीचा आंघोळीचा टब जमिनीत काठापर्यंत पुरला, एका बाजूला दगडांची उतरंड रचली, नाहीतर पडलेला जीव बाहेर निघत नाही, पोहून पोहून मरतो. तळाला इथलीच माती, दोन काठ्या उभ्या खोचल्या, पावसाने एका रात्रीत भरला. चौथ्या मजल्यावरचे काका लगेच ग्रुपवर, साचलेलं पाणी, डेंग्यू, जबाबदार कोण. त्यांचं चूक नाही, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्याला धरून अंडी घालतो. चार दिवसांत अळ्या वळवळायला लागतील. मी लिहिलं, काका, बघतो.

१३ जुलै

अळ्या आल्याच. पण दुसरी पण गोष्ट आली. पाण्यावर एका कोपऱ्यात पातळ सायीसारखा थर, त्यात काळे काळे मोहरीहून लहान ठिपके. मी काढून टाकणार होतो, पोरीने भिंग लावलं, ठिपके हलत होते. परवा रात्री सेकंड शिफ्ट करून आलो तेव्हा मागून टर्र टर्र चालू होतं, बायको म्हणाली मोटर बिघडली असेल. त्याच छोट्या बेडकाची मंडळी ती, आणि ही त्यांची अंडी.

१७ जुलै

अंड्यांतून बेडकाची पिल्लं निघाली, भंकू. काचेचे आहेत, शप्पथ. आरपार दिसतं, फक्त दोन डोळे आणि पोटाचं वेटोळं, पाण्याच्या वरच्या थरात तरंगत तोंडाने बारीक कण ओढत बसतात. मोजता येत नाहीत, पण शंभराच्या वर नक्की.

काकांचा फोन झाला. अळ्यांसाठी उद्या गप्पी मासे आणतोय.

२१ जुलै

ही नोंद लिहायला लाज वाटते. आठ गप्पी सोडले होते १८ तारखेला. डासांच्या अळ्या दोन दिवसांत साफ, मी ग्रुपवर फोटो टाकला, काकांनी अंगठा दिला. आज भंकू बघायला गेलो तर चार. मासा काय डासाची अळी आणि बेडकाचं पिल्लू असा भेद करणार आहे का, तोंडात मावलं की गिळलं. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, आपल्या डबक्यांत माणसाने डासांसाठीच आणून सोडलेले, आणि पावसाळी डबक्यातल्या बेडकाचा तर सगळा डावच हा असतो की डबकं चार महिन्यांत आटणार म्हणून त्यात मासे नसणार. मी नेमकं तेच मोडलं. ४० लिटरच्या टबात.

पोरगी बोलली नाही दिवसभर. संध्याकाळी चहाच्या गाळणीने आठच्या आठ मासे पकडून दुकानात परत. चार भंकू उरलेत. डासांचं काय करायचं तर दर तिसऱ्या दिवशी गाळणीने अळ्या काढायच्या, अळीचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो म्हणजे एक पण सुटत नाही. ड्युटी माझी. जुनी गाळणी बायकोने कायमची देऊन टाकली, ती परत चहाला नको म्हणे.

२८ जुलै

उघडीप. काकांच्या नवीन काळ्या गाडीवर दोन पिवळट चतुर, आपण लहानपणी ज्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो ते, बॉनेटवर शेपटी टकटक आपटतायत. काका फडकं घेऊन धावले. मला वाटलं खेळतायत, नंतर कळलं मादी अंडी घालते अशी. चतुराला पाणी ओळखू येतं ते चकाकीवरून, पाण्यावरून परत फिरणारा प्रकाश एका ठराविक पद्धतीने आडवा कंप पावत येतो आणि त्यांच्या डोळ्यांना तो कळतो. धुतलेली काळी गाडी तसाच प्रकाश फेकते, कधी कधी पाण्यापेक्षा पण जास्त. म्हणजे तिच्या लेखी पार्किंगमध्ये एक भारी तळं उभं आहे. अंडी तिथेच करपणार.

दुपारी एक जोडी टबावर पण येऊन टकटक करून गेली. पोरीने तारीख गोल केली.

४ ऑगस्ट

टाकळा गुडघ्याएवढा झालाय, कोणी लावला नाही, रेतीच्या ढिगाशेजारी आपोआप. मातोश्रींनी कोवळे शेंडे खुडून भाजी केली, लसणाची फोडणी, भाकरी, एक नंबर. उरलेल्या पानांवर पिवळी छोटी फुलपाखरं अंडी घालतायत आणि बारीक हिरव्या अळ्या पण आहेत, पानाच्या मधल्या शिरेवर अशा आडव्या पडतात की नजर घसरते. मी नर्सरीतून आणलेल्या टणटणीवर फुलपाखरं येतात, रस पितात, जातात. तिचं पान त्यांच्या अळ्या खात नाहीत. ६४० रुपयांत मी नुसता ज्यूस सेंटर उघडला होता, बाळंतपणाची सोय टाकळ्याने फुकटात केली.

११ ऑगस्ट

कडीपत्त्यावर पक्ष्यांची विष्ठा पडलीय असं वहिनी म्हणाल्या. ती विष्ठा नव्हती, चालत होती. काळपट, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब. पक्षी आपलीच घाण कशाला खाईल, तर त्या वेषात ही अळी पहिले काही दिवस काढते, मग शेवटची कात टाकली की एकदम पोपटी, पानासारखी. एक पोपटी होती तिला पोरीने गवताच्या काडीने टोचलं तर डोक्यामागून लाल दुटोकी शिंग बाहेर आलं आणि असा वास, सडक्या लिंबासारखा, दोघी मागे सरकल्या. आपल्या राज्याचं फुलपाखरू निलवंत, २०१५ ला जाहीर झालेलं, त्याच्या अळ्या पण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात, ही त्याची चुलत भावंडं.

वहिनींकडे फवारणीची बाटली तयार. त्यांचा पण मुद्दा आहे, रोज फोडणीला लागतो. तह असा झाला की भिंतीकडच्या फांद्या अळ्यांच्या, पार्किंगकडच्या वहिनींच्या. कागदावर लिहून कुंडीला चिकटवलंय. अळ्यांना वाचता येत नाही हे वहिनींनी लगेच दाखवून दिलं.

१८ ऑगस्ट

चिमणी आली! घरट्यात नाही, टाकळ्यावर. नर, गळ्याखाली काळा डाग. एक हिरवी अळी उचलली, भुर्र, पाच मिनिटांत परत, अजून एक. पोरगी मागे मागे गेटपर्यंत गेली. समोरच्या मेडिकलच्या शटरच्या वरच्या खोक्यात त्याचा संसार, आतून चिवचिव चालू.

मग लक्षात आलं. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस किडे अळ्याच लागतात, मऊ, पाणी आणि प्रोटीन असलेलं. तांदूळ टाकून पिल्लू वाढत नाही. मी दोन वर्षांपूर्वी फ्लॅट दिला होता, किराणा नव्हता. आणि फ्लॅट पण पश्चिमेच्या भिंतीवर, एप्रिलमध्ये हात लावला तर चटका बसतो. शटरचं खोकं सावलीत आहे. लपायला कुठेचं उत्तर पण मिळालं, तिने लिहिलं "टाकळा आणि रुईच्या मध्ये, बोका आला की".

घरट्याच्या भोकातून आज एक पाल डोकावत होती. तिची तिसाव्या क्रमांकाची ओळ.

२५ ऑगस्ट

कंपनीच्या कामाने इगतपुरीला गेलो होतो. तिथे दुकानाच्या भिंतीला शेवाळ, पायरीला नेचे, खांबावर पण काहीतरी हिरवं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस तिथे, नाशकात त्याच्या पाव भाग कसाबसा, आणि रेल्वेने एक तासाचं अंतर. घाटावर अडलेले ढग आपल्याकडे येईपर्यंत रिकामे होतात. पोरीला फोटो पाठवला, तिने विचारलं तिथे आपल्यासारखे वाणी आहेत का. शोधायला वेळ नव्हता, पायात बूट ओले.

१ सप्टेंबर

ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा अंडी पडली होती ती सगळी आता निघाली. भाताच्या शितापेक्षा थोडे मोठे बेडूक दगडांच्या उतरंडीवर बसलेत, शेपटीचं बुडखं अजून आहे. ४० पर्यंत मोजले मग त्यांनी उड्या मारल्या. सगळे पाल्यात गेले. त्या तीन पोत्यांत.

टबात आता चपटे, सहा पायांचे, मातकट काहीतरी आहेत, अळ्या काढायला गाळणी घातली तर अळ्याच कमी निघतात. चतुराची पिल्लं ती. खालचा जबडा घडी घालून ठेवलेला असतो, भक्ष्य जवळ आलं की हातासारखा पुढे फेकतात. माझी ड्युटी त्यांनी घेतली. काकांना हे सांगितलं, ते म्हणाले बघू.

१९ सप्टेंबर

रात्री साडेबारा. शिफ्टवरून आलो, टॉर्च मारला तर खोचलेल्या काठीवर एक मातकट पिल्लू पाण्याच्या वर चार बोटं चढून घट्ट बसलेलं. पोरीला उठवलं, शाळा होती तरी. पाठ मधोमध उसवली, आतून फिकट काहीतरी बाहेर येऊन उलटं लटकलं, डोकं खाली, आणि तसंच थांबलं, इतका वेळ की मला वाटलं मेलं. मग एकदम वर झेप घेऊन जुन्या कातीला धरलं, शेपटी ओढून काढली. पंख म्हणजे चुरगळलेला ओला टिश्यू पेपर. ते हळूहळू उलगडले, दुधाळ, मग काचेसारखे. बायको चहा घेऊन आली. पावणेतीनला पोरगी मांडीवर झोपली, मी बसलो. उजाडताना पंख थरथरले आणि काठीवर नुसती कात.

२८ जुलै ते १९ सप्टेंबर, ५३ दिवस. ही जात पावसाळा संपला की वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडते, मालदीव करत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत, आणि तिथल्या पावसाच्या डबक्यांत अंडी घालते. म्हणजे रकान्यात "पिल्लं कुठे" ला पाथर्डी फाटा लिहायचं की केनिया, यावर सकाळी दुधाच्या वेळेला वाद. तिने दोन्ही लिहिलंय.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट, टाकळा वाळून शेंगा. टब अर्ध्यावर. काठाच्या चिखलावर कुंभारीण माशी येते, चिखलाची गोळी करून तोंडात नेते, मीटर बॉक्सवर तिने घडा बांधलाय, गळ्यासकट, आपल्या माठासारखा. त्यात आधी अंडं घालणार, मग बधिर केलेल्या अळ्या भरणार, तोंड बंद. सगळीकडे फरशी झाली तर हिने माती कुठून आणायची, सिमेंट भिजवून?

७ डिसेंबर

मामाकडे निफाडला. थंडी अशी की पेपरात दरवर्षी निफाडचा पारा का छापतात ते कळलं. मामाच्या शेजारच्या उसात तोडणीवेळी बिबट्याचे दोन बछडे निघाले. वनखात्याच्या लोकांनी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवले, कॅमेरा लावला, रात्री मादी येऊन एकेक उचलून घेऊन गेली. मामा पोरीची वही बघून म्हणाला, "लिही तुझ्या रकान्यात. खायला कुत्री, डुकरं. प्यायला पाटाचं पाणी. लपायला बारा महिने ऊस. पिल्लं पण तिथंच." उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊसच जंगल. मग म्हणाला, "आणि मोटर चालू करायला रात्री मी तिथून जायचं, ते कुठल्या रकान्यात?" पोरीने मला बघितलं. मी पाणी प्यायलो.

दुपारी नांदूर मध्यमेश्वर, चापडगावच्या मनोऱ्यावर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे ब्रिटिशांनी कालव्यांसाठी बंधारा बांधला, शंभराहून जास्त वर्षं झाली. नद्यांनी गाळ आणून टाकला, पाणी साठायची जागा भरत गेली, म्हणजे इंजिनियरच्या हिशोबाने नुकसान. पण गाळामुळे उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती, आणि मग पक्षी. १९८६ ला अभयारण्य, २०२० ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. गाईड भाऊंनी दुर्बिणीतून दाखवलं की सगळे एकाच पाण्यात असून कोणी कोणाच्या ताटात नाही. काठाच्या चिखलात तुतवार, घोट्याएवढ्या पाण्यात लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या, त्याच्या पुढे चमचा पक्षी चोच डावी उजवी फिरवत, थापट्या बदक चोचीच्या कंगव्याने पाणी गाळत (माझी गाळणी!), आणि खोल पाण्यात काळे वारकरी, कपाळाला पांढरा टिळा, शेकड्याने, खरंच दिंडी. पाणी फूटभर वाढलं तर शेकाट्याचं दुकान बंद, फूटभर उतरलं तर वारकऱ्यांचं.

पोरगी गाळाकडे बघून म्हणाली, हा पण पालापाचोळाच आहे ना, मोठा.

२० डिसेंबर

फाईल दिली. ४७ ओळी. चार्ट नाही, बाण नाहीत. चतुराची कात काडेपेटीत घालून चिकटवली. चिमणीच्या ओळीत "पिल्लं: मेडिकलचं शटर" असं आहे, बाईंनी तिथे लाल पेनने "छान" लिहिलं आणि परिसंस्थेतला "स्था" सुधारला.

४ जानेवारी

सोसायटीची मीटिंग. मागच्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक टाकून दोन टू-व्हीलरचं पार्किंग, चार जणांनी हात वर केले. मी बोलायला उठलो तर आधी काकाच बोलले, यावर्षी आपल्या विंगला डास कमी होते असं त्यांना वाटतं. मी खरं सांगितलं की ते टबामुळेच असं काही मी सांगू शकत नाही. वहिनींनी कडीपत्त्याला हात लावायचा नाही असं बजावलं. शेवटी १४ पैकी ८ फूट आपल्याकडे, ६ फुटांत एक टू-व्हीलर. टब त्या सहामध्ये येतो, तो रुईच्या बाजूला सरकवायचा, पण आतली माती आणि पाणी तसंच ठेवून, म्हणजे चौघं लागतील. काका एक बाजू धरतो म्हणाले. घरट्याची पाल आहे तिथेच राहू दे. थंडीत पण पाणी उतरतंय, भर घालायची तर नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच, त्यातलं क्लोरीन उडायला हवं.